चिमणीला बसवा, ती बोलायची नाही

प्रशिक्षणाचा विषय होता ‘विद्यार्थ्यांना शिकण्याची ओढ कशी लावावी’, आणि त्या प्रशिक्षणातून आपण कधी एकदा सुटतो असं विज्ञानाच्या बाईंना झालं होतं.

शनिवारची सकाळ. प्रयोगशाळेच्या टेबलावर लॅपटॉप उघडा, पडद्यावर शिक्षकांचे छोटे छोटे चौकोन आणि मधल्या मोठ्या चौकोनात तज्ज्ञ. अट एकच, पण कडक: कॅमेऱ्यासमोर चेहरा दिसलाच पाहिजे. खुर्ची रिकामी दिसली की गैरहजेरी, आणि गैरहजर राहणाऱ्यांनी हेच प्रशिक्षण सुट्टीत पुन्हा करायचं. सुट्टीत बाईंची लेक घरी येणार होती, वर्षभरानंतर. त्यामुळे बाई खुर्चीला चिकटून बसल्या होत्या.

प्रशिक्षण तासिकेआधी संपणार होतं. पण तज्ज्ञांना बोलण्याची एवढी ओढ होती, की घंटा व्हायची वेळ आली तरी ते अजून दुसऱ्याच मुद्द्यावर होते.

“आता प्रत्येकाने मुलांचं कुतूहल जागं होईल अशी एखादी वस्तू आणून दाखवायची,” ते म्हणाले. “एका मिनिटात!”

बाई माईक बंद करून उठल्या आणि प्रयोगशाळेला लागून असलेल्या सामानाच्या खोलीत शिरल्या. आतला बल्ब गेलेला होता. चाचपडत त्यांनी एक कप्पी शोधली. तेवढ्यात वाऱ्याने दार धाडकन लागलं. बाईंनी दाराची मूठ फिरवली, तर मूठ हातात आली. बाहेरच्या बाजूची मूठही फरशीवर पडून ठणठणली. आता दाराला आतून मूठ नाही, बाहेरून मूठ नाही. मोबाईल टेबलावर. बाई अंधारात कप्पी घेऊन उभ्या.

तेवढ्यात घंटा झाली आणि नववी ‘क’ आत आली.

नववी ‘क’बद्दल बाईंचं मत शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना पाठ होतं. “त्या पोरांना शिकायचंच नाहीये हो. भिंतीला प्रश्न विचारला तर ती तरी हुंकार देईल.”

बाईंनी दारावर धपाधप थापा मारल्या.

“बाई, तुम्ही आत आहात?” वर्गातल्या सगळ्यात उंच मुलाने, म्हणजे लंबूने विचारलं.

“नाही, सहलीला आलेय! अरे, दार उघडा! शिपाईदादांना बोलवा, नाहीतर मुख्याध्यापक सरांना!”

लंबू पळत गेला आणि पळतच परत आला. “बाई, शिपाईदादा पाण्याचा पंप दुरुस्त करायला गेलेत. आणि सर ऑफिसात नाहीत.”

“असं कसं? सरही याच प्रशिक्षणात आहेत. पडद्यावर बघ!”

लंबूने पडद्यावर पाहिलं. “हो बाई, इथे आहेत. ऑफिसात नाहीत.”

पण यावर विचार करायला बाईंना वेळ नव्हता. पडद्यावर आपली खुर्ची रिकामी दिसत असणार, या विचाराने त्यांना घाम फुटला. “अरे, त्या खुर्चीत कोणीतरी बसा! माझा एप्रन घाला, मास्क लावा आणि नुसती मान हलवा!”

“कोण बसू, बाई?”

बाईंनी क्षणभर विचार केला. “चिमणीला बसवा. ती काही बोलायची नाही.”

चिमणी हे त्या मुलीला वर्गाने दिलेलं नाव. ती कधीच चिवचिवाट करत नसे म्हणून. बाईंनीही तिचा आवाज हजेरीपलीकडे ऐकला नव्हता. चिमणी एप्रनमध्ये बुडाली, मास्कमागे लपली आणि खुर्चीत जाऊन बसली.

इकडे दाराशी गर्दी झाली. मूठ निघाली तिथे एक चौकोनी भोक उरलं होतं. लंबूने त्यात पेचकस घातला आणि दात-ओठ खाऊन फिरवला. कुलूप गंजलेलं होतं, तसूभरही हललं नाही. मग तिघं-चौघं आळीपाळीने लोंबकळले. काही नाही.

आणि बाईंना दारापलीकडून एक आवाज ऐकू आला. “बाई, पेचकसाला स्टँडची सळई आडवी बांधली तर जोर कमी लागेल का?”

पाठोपाठ दुसरा. “सळई मधे धरायची की टोकाला?”

“टोकाला का पण, बाई?”

अंधारात बाईंच्या अंगावर काटा आला. तरफेचा हाच धडा त्यांनी दोनदा शिकवला होता, चित्रांसकट, आणि दोन्ही वेळा नववी ‘क’ने त्यांच्याकडे छताकडे बघावं तसं बघितलं होतं. “टोकाला धरून बघा, मग मधे धरून बघा,” त्या दाराला कान लावून म्हणाल्या, “आणि काय फरक पडतो ते मला सांगा.”

तेवढ्यात लॅपटॉपमधून तज्ज्ञांचा आवाज घुमला. “विज्ञानाच्या बाई, तुम्ही बराच वेळ छान मान हलवताय. आता तुमच्या वर्गातल्या सगळ्यात निरुत्साही विद्यार्थ्याबद्दल सांगा.”

बाईंनी डोळे मिटून घेतले. गेली लेक, गेली सुट्टी.

खूप वेळ कोणीच बोललं नाही. तज्ज्ञही कसे कोण जाणे, थांबून राहिले. बहुधा पाणी पीत असावेत. मग माईक सुरू केल्याची टिचकी वाजली आणि एक बारीक आवाज आला.

“माझ्या वर्गात एक मुलगी आहे. ती बोलत नाही.”

“का बरं?”

“बाई, म्हणजे मी, प्रश्न विचारते आणि लगेच उत्तरही मीच देऊन टाकते. त्या मुलीला विचार करायला जरा वेळ लागतो. तिचं उत्तर अर्ध्या वाटेवर असतं. मग ते परत जातं.”

“म्हणजे तिला शिकायची इच्छाच नाही, असं तुम्हाला वाटतं?”

“बाईंना वाटतं तसं. म्हणजे मला. पण ती घरी जाऊन उत्तर पूर्ण करते. रोज. बाई शिकवतात छान, म्हणून तर करते.”

दारामागे बाईंनी कप्पी घट्ट धरली. एवढ्या वर्षांत त्यांनी किती उत्तरं अशी अर्ध्या वाटेवरून परत पाठवली असतील? आणि ही पोर म्हणते, बाई शिकवतात छान.

“टोकालाच, बाई! टोकालाच सोपं जातं!” लंबू ओरडला. कट्ट असा आवाज झाला, दार उघडलं आणि दाराला टेकलेल्या बाई थेट प्रयोगशाळेत येऊन आदळल्या. केसांत जळमटं, हातात कप्पी. आणि हे सगळं कॅमेऱ्यात.

“आपण कोण?” तज्ज्ञांनी विचारलं.

लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. बाईंनी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. चिमणीने मास्क काढला. तज्ज्ञ पडद्यावरचे बाकीचे चौकोन न्याहाळू लागले. एका चौकोनातून, कोणा शिक्षिकेच्या जागी बसलेले तिचे सासरे घाईघाईने उठून गेले. मुख्याध्यापक मात्र मघापासून एकाग्रपणे हसत होते.

“सर, पापणी तरी हलवा,” तज्ज्ञ म्हणाले. मुख्याध्यापकांच्या फोटोने पापणी हलवली नाही.

तज्ज्ञांनी चष्मा काढून पुसला. “बाई, आत तुम्हाला सगळं ऐकू येत होतं?”

“शब्द न् शब्द.”

“मग तुम्ही हजर. मला वाटतं, आज हजर असलेल्या तुम्ही एकट्याच.”

बाईंनी लॅपटॉप मिटला आणि त्या चिमणीजवळ गेल्या. “थँक यू गं,” एवढंच त्या म्हणाल्या. मग नववी ‘क’कडे वळल्या. “तुम्हा सगळ्यांनाच. दार उघडल्याबद्दल.”

त्या दुपारी नवरा जेवायला बसला. बाईंनी वाढलं आणि विचारलं, “भाजी कशी झालीय?”

एरवी त्याच पुढे म्हणत, “छान झालीय ना?” आणि ताटात आणखी एक डाव पडे. आज त्या थांबल्या. नवऱ्याने घास चावता चावता वर पाहिलं. बायको नुसती बघत होती. तो गडबडला.

“काय गं, काय झालं? माझं काही चुकलं का?”

“नाही हो. विचार करा. मला घाई नाही.”

तो बराच वेळ ताटाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “खरं सांगू? मला भोपळा आवडत नाही. लग्न झाल्यापासून आवडत नाही.”

बाई बघतच राहिल्या. मग त्यांना असं काही हसू फुटलं, की डाव खाली ठेवावा लागला.

“अहो, मलाही नाही आवडत! तुम्हाला आवडतो म्हणून करत होते!”