तिकीट न काढण्याचे कारण

"पास? रिटायर लोकाईचा फुकट पास मले नाई पायजे!" सोमाजीभाऊंनी छाती काढून सांगितलं. "बत्तीस वर्षं लोकाईले तिकिटं देल्ली. आता एक सोतासाठी इकत घेतो. लोकाईले काय वाटते ते तं पाहू!"

 मीराबाईंनी नवऱ्याच्या सदऱ्याच्या खिशात दोन नोटा घडी करून टाकल्या आणि वरून सेफ्टी पिन लावली.

"तिकिटाचे हायेत. तंबाखूच्या खर्र्यात घालू नका."

सोमाजीभाऊ कंडक्टर. म्हणजे चार महिन्यांपूर्वीपर्यंत होते. त्यांनी फाडलेली तिकिटं एकाला एक जोडली तर चंद्रपूरहून सिरोंच्याला जाऊन परत येतील! आणि सचोटी कशी? सासरे एकदा कोंबडा घेऊन बसमध्ये चढले, तर जावयाने त्या कोंबड्याचंही तिकीट फाडलं. आजही मीराबाईंच्या माहेरी कोणी कोंबड्याचं नाव काढलं, की सोमाजीभाऊ हात धुवायला उठतात.

तर हे दोघं निघाले होते गोंडपिपरीला. मीराबाईंच्या बहिणीच्या नातवाचं नामकरण. निवृत्तीनंतरचा सोमाजीभाऊंचा हा पहिलाच बसप्रवास.

चंद्रपूर

गाडीला ही गर्दी! कंडक्टर होती हर्षा नावाची पोरगी. नोकरीला लागून चोवीस दिवस झालेले. एका हातात तिकिटाचं मशीन, दुसऱ्या हातात नोटा, आणि दाराशी तुंबलेली माणसं. मीराबाईंनी खिडकी पकडली, बसल्या बसल्या आपलं अर्धं तिकीट काढलं आणि डोळे मिटले.

सोमाजीभाऊ बसणार, तेवढ्यात त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, "चला, पुढे सरका! मधात जागा हाय! बॅग मांडीवर घ्या!"

आणि नवल म्हणजे माणसं सरकली!

इथपर्यंत काही बिघडलं नव्हतं.

बल्लारपूर

मागच्या बायांचा हात हर्षापर्यंत पोचेना. सोमाजीभाऊंनी नोटा पुढे दिल्या, तिकिटं मागे दिली. मशीनने भाडं सांगायच्या आधी ते स्वतः सांगू लागले. हर्षाने मान वर करून पाहिलं तर हा माणूस दारात उभा! "बल्लारपूरवाले उतरा! आधी उतरू द्या, मंग चढा! अरे, घाई काऊन करता?" शेवटचा माणूस चढला. टण् टण्. डबल बेल. कोणी दिली, हे सांगायला नकोच.

"थँक्यू भाऊ," हर्षा म्हणाली.

"तू मशीन पाह्य पोरी, बाकी मी पाह्यतो!"

कोठारी

इथे सोमाजीभाऊंचा हात कानामागे गेला. पेन्सिल शोधायला.

कोठारीच्या पुढे, जंगलात

सागाच्या झाडाखाली पांढरी जीप उभी. रस्त्यात हात आडवा. तपासणी पथक!

"कोणी उतरू नका! तिकिटं हातात धरा!" हे पथक नाही ओरडलं. सोमाजीभाऊ ओरडले.

आत आला आदेश नावाचा तरुण. निरीक्षक. दहा वर्षांपूर्वी नवीन कंडक्टर म्हणून तो सोमाजीभाऊंच्याच हाताखाली शिकला होता.

"अरे भाऊ! तुमी?"

"हो जी सर. चला, मागून सुरू करू."

आणि सुरू केलंच! एकेकाचं तिकीट घ्यायचं, उजेडाला धरायचं, मान डोलवायची, आदेशच्या हातात द्यायचं. बायनाबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईंचं तिकीट कनवटीत घामाने भिजलेलं निघालं, तर त्यांना सगळ्यांसमोर ऐकवलं, "बाई, तिकीट म्हणजे गाडीची इज्जत हाय! असं गोळा करून ठेवते काय कोणी?"

सगळी बस झाली.

"भाऊ, तुमचं?" आदेशने सहज विचारलं.

"माहं काय?"

"तिकीट."

मांडवात नवरदेवाकडे लग्नपत्रिका मागावी, तसे सोमाजीभाऊ बघत राहिले. मग डावा खिसा. मग उजवा. मग पुन्हा डावा. मग मीराबाईंकडे. मीराबाईंनी डोळे उघडले, आपलं अर्धं तिकीट दाखवलं.

"मी माहं घेतलं. तुमचं तुमी घेतलं नाई?"

 बाहेर वानरं तेवढी बोलत होती.

आता इथे आदेशने "द्या भाऊ, दंड भरा" म्हटलं असतं, तर ही कथा एका पानात संपली असती. पण मागच्या सीटवरून झिंगू नावाचा एक भला माणूस उठला. भल्या माणसांनी उठू नये अशा काही वेळा असतात.

"साहेब, भाऊनं पैसे देल्ले! कंडक्टर बाईच्या हातात नोट देतानी म्या या डोळ्यानं पाह्यलं!"

"म्या बी पाह्यलं!" आणखी एक.

"चार-पाच डाव देल्ले!"

आदेशचा चेहरा बदलला. सोमाजीभाऊ विनातिकीट बसणं म्हणजे वाघाने संत्रं सोलून खाणं! म्हणजे पैसे दिले असणारच. म्हणजे पैसे घेऊन तिकीट दिलं नाही.

"मॅडम, बॅग उघडा."

हर्षाने बॅग उघडली. बॅगेत मशीनच्या हिशेबापेक्षा रक्कम जास्त निघाली. निघणारच! अर्ध्या लोकांचे सुटे पैसे परत द्यायचे राहिले होते, आणि त्यातले कितीतरी बल्लारपूरला, कोठारीला उतरून गेले होते. आता कोणाला विचारणार?

"सर, मी नाई घेतले जी... भाऊच साऱ्याईचे पैसे जमा करून देत होते... मले आठवतच नाई..."

"आठवत नाई असं लिहू?"

 हर्षाची नोकरी अजून पक्की नव्हती. असा रिपोर्ट गेला की होणारही नव्हती. हे बसमध्ये दोघांनाच नीट कळत होतं. तिला, आणि सोमाजीभाऊंना.

"लिवू नको!" सोमाजीभाऊ ओरडले. "म्या तिकीट काढलंच नाई! पोरीचा दोष नाई. माह्यावर खटला भर!"

बसमध्ये हळहळ पसरली.

"किती मोठ्या मनाचा माणूस!" बायनाबाईंनी पदर डोळ्याला लावला.

"पोरीसाठी सोतावर घेऊन राह्यला," झिंगू म्हणाला.

"अबे, खरंच नाई काढलं!"

"पाहा! अजूनबी मानत नाई!"

"मी फुकट्या हाओ!"

"नाई जी, तुमी देवमाणूस हा!"

सोमाजीभाऊंनी डोकं धरलं. बत्तीस वर्षं जमवलेली अब्रू, आणि आज घालवू म्हटलं तर जात नाही! जितकं कबूल करावं तितके लोक हात जोडतात! आणि तिकडे आदेशचं पेन हर्षाच्या नावापाशी जाऊन थांबलेलं.

"भाऊ," आदेश हळू आवाजात म्हणाला, "तुमी तिले वाचवून राह्यले असान, तं तसं चालत नाई. तुमचं खरं मानायचं तं हा फॉर्म भरा लागते. दंड, नाई तं पोलीस स्टेशन, मंग कोर्ट."

"आण फॉर्म!"

फॉर्म

नाव: सोमाजी.

कोठून: चंद्रपूर.

कोठपर्यंत: गोंडपिपरी.

तिकीट न काढण्याचे कारण: विसरलो.

(आदेशने खोडलं. "बत्तीस वर्षांचा कंडक्टर तिकीट इसरते? हे कोणी मानन काय?")

तिकीट न काढण्याचे कारण: गर्दी होती.

(खोडलं. "गर्दी तुमीच हटवली म्हणते सारे.")

तिकीट न काढण्याचे कारण: जवळ पैसे नव्हते.

"काऊन नव्हते?" मीराबाई ताडकन उठल्या. नवरा चोर म्हणवून घेतो, हे एक वेळ चालेल. आपण त्याला पैशाविना घराबाहेर काढलं, हे कसं चालेल? "म्या सकाळी सोता पिन लावून देल्ले!"

त्यांनी सदऱ्याचा खिसा पुढे ओढून दाखवला. दोन नोटा. घडी तशीच. पिन तशीच, बंद!

आदेशने पिन बघितली. हर्षाने बघितली. सीटवर चढून झिंगूनेही बघितली.

"म्हंजे... नाई देल्ले पैसे?"

"तेच तं घंटाभर सांगून राह्यलो ना!"

"मंग म्या पाह्यलं ते दुसऱ्याईचे असन," असं म्हणत झिंगू खाली बसला, आणि पुन्हा उठला नाही. आदेशने हर्षाच्या नावावर आडवी रेघ मारली. हर्षाने बॅग छातीशी धरली.

सुटलं! पण कोण सुटलं? हर्षा. देवमाणसाचं काय झालं ते ऐका.

"अन् मलेच इज्जत शिकवून राह्यला होता!" बायनाबाई कडाडल्या. "माह्यापाशी ओलं का होईना, तिकीट तं होतं!"

"खिशात पैसे ठेवून फुकट!"

"बत्तीस वर्षं कंडक्टर होता म्हणे!"

आदेश कपाळ पुसत होता. "भाऊ, आता तं कठीण झालं. पैसे असून काढलं नाई, म्हंजे मुद्दाम केलं असा अर्थ निघते. खरं कारण सांगा. नाई तं मले गाडी ठाण्यावर घ्या लागन. नियम तुमीच शिकवला."

 सोमाजीभाऊ इतक्या हळू बोलले की पुढच्या दोन सीटपुरतंच ऐकू गेलं.

"मले वाटलं... मी ड्यूटीवर हाओ."

"काय?" मागून कोणीतरी.

"ड्यूटीवर हाओ वाटलं!" सोमाजीभाऊ ओरडले. "कंडक्टर तिकीट काढते काय सोताचं? दारात उभा राह्यलो, अन् इसरलो का मी आता कंडक्टर नाई! बस! लिव!"

 बायनाबाईंनी ओलं तिकीट पुन्हा कनवटीत खोचलं.

पुढून पोचू नावाचा ड्रायव्हर पहिल्यांदाच बोलला. तोंडात खर्रा असल्यामुळे आत्तापर्यंत बोलला नव्हता. आता त्याने तो खिडकीबाहेर थुंकला. "सर, बल्लारपूरले अन् कोठारीले म्या याईच्याच बेलवर गाडी काढली. मलेबी काही वेगळं वाटलं नाई. माहंबी नाव लिवून घ्या."

आदेशने तिसरं कारणही खोडलं. मग रकान्यात लिहिलं: 'सवय.' खटला नाही. भाडं आणि दंड.

खिशातल्या नोटा पुरल्या नाहीत. मीराबाईंनी बाकीचे पैसे बटव्यातून काढून दिले, आणि देताना नवऱ्याकडे असं बघितलं की त्यापेक्षा ठाणं बरं!

हर्षाने मशीनचं बटण दाबलं. तिकीट निघालं. सोमाजीभाऊंनी ते दोन्ही हातांनी घेतलं. तारीख वाचली, टप्पा वाचला, भाडं ताडून बघितलं. बरोबर होतं.

"बसा भाऊ," हर्षा म्हणाली. आवाज हळू, पण कंडक्टरचा. "उभं राह्यचं नाई आता."

मीराबाईंनी सरकून खिडकी नवऱ्याला दिली. पथक उतरलं. गाडी निघाली. या रस्त्यावरून सोमाजीभाऊ हजारदा गेले होते, पण उभ्याने, माणसांकडे तोंड करून. साग मागे पळतो, मोह मागे पळतो, वळणावर सगळं जंगल अंगावर येतं, हे बसून कधी बघितलंच नव्हतं. पहिल्या वळणाला त्यांनी कौतुक केलं. दुसऱ्या वळणाला गप्प झाले. तिसऱ्या वळणाला चेहरा कच्च्या पपईसारखा हिरवा!

"भाऊ, डोकं बाहेर काढू नका!" हर्षा ओरडली.

उशीर झाला होता.

मीराबाईंनी नवऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला, दुसऱ्या हाताने बटवा पुन्हा उघडला आणि विचारलं,

"पोरी, याचा दंड वेगळा रायते काय?"