पाळीवाल्याचं ताट

१९९६, दिवाळीच्या सुटीतला रविवार, दीवमधला पहिला दिवस. हजर: मी, आमचे हे आणि शेजारचे भिकनआप्पा. गैरहजर: आप्पांचा धाकटा भाऊ रमेश. पण त्याचं ताट हजर होतं.

आप्पा कुठेही जेवायला बसले की पहिला वाटा बाजूला काढतात, त्यावर ताटली उपडी घालतात आणि मगच घास घेतात. सुरतेत लिंबायतच्या आमच्या गल्लीला याची सवय आहे. दीवच्या वेटरला नव्हती. तो सारखा ती ताटली उचलायला बघायचा.

“काका, पार्सल करी दऊं?”

“हात नको लावू, भाऊ. हाऊ पाळीवालाना वाटा शे.”

दोघे भाऊ खानदेशातून सुरतेला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला आले तेव्हा खोली एक, खाट एक आणि पाळ्या दोन. एक दिवसपाळीला, दुसरा रातपाळीला. जो निघेल त्याने रांधून, जो येईल त्याचं झाकून ठेवायचं. आप्पांच्या झाकणाखाली कायम खिचडी. रमेशच्या झाकणाखाली कधी शेवभाजी, कधी भरीत. वर्षानुवर्षं एकमेकांच्या हातचं जेवले, पण एका पंगतीला बसणं काही जमलं नाही. मग रमेश लूम सोडून दीवच्या कुठल्याशा हॉटेलात आचारी झाला. आधी येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर निरोप येत, पुढे तेही थांबले. म्हणूनच, हॉटेलात खाणं म्हणजे पैसे देऊन दुखणं आणणं, असं म्हणणाऱ्या आप्पांनी या सहलीला सर्वांत आधी नाव दिलं, तेव्हा मी कारण विचारलं नाही.

मी पूर्वी दीवला आले होते तेव्हा धक्क्याजवळ एक लॉज होतं. भात आणि तळलेली मासळी, जे असेल ते. आता घराघरावर पाटी: पंजाबी, चायनीज, काठियावाडी. बेत मी आखला होता: सकाळी किल्ला, दुपारी चर्च, संध्याकाळी समुद्र. आप्पांनी त्यात स्वयंपाकघरं घुसवली. ते थेट मुदपाकखान्याच्या दारात जाऊन उभे राहत, एक घास चाखत आणि मान हलवत.

“हाई मंचुरी रमेशना हातनी नही, वहिनी.”

एका ठिकाणी त्यांना तपासणीसाहेब समजून मालकाने आम्हाला पापड फुकट दिले. आमचे हे म्हणाले, “आप्पा, अजून दोन हॉटेलं बघा, गोड राहिलंय.”

दुपारी मात्र सगळं बेट पेंगायला लागे. चर्चच्या पांढऱ्या भिंतीवर ऊन झोपल्यासारखं पडलेलं, होड्या जागच्या जागी डुलत असलेल्या. घड्याळ बघायचं मी विसरले, असं माझं सहसा होत नाही. आप्पा पाण्याकडे बघत म्हणाले, “आठे लूमना आवाज नही. त्याले झोप चांगली लागत व्हई.”

निघायच्या दिवशी होक्याच्या, म्हणजे फांद्या फुटणाऱ्या ताडाच्या, झाडांखालच्या एका लहानशा हॉटेलात शिरलो. आप्पा सवयीने आत गेले आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. मी गेले. फळीवर एक ताट होतं, त्यावर दुसरं उपडं घातलेलं.

“ये किसका है?” मी आचाऱ्याला विचारलं. उत्तरेच्या डोंगराकडचा माणूस होता तो.

“पता नहीं, बहनजी. पहले रमेश उस्ताद थे, रोज पहला हिस्सा ढक के रखवाते थे. बोलते थे, शिफ्टवाला आएगा. पिछले सीज़न में दमण चले गये. हमारी आदत रह गयी.”

आप्पांनी ते ताट घेतलं आणि तिथेच उंबऱ्यावर बसले. गार झालेला भात शेवटच्या शितापर्यंत खाल्ला. त्या जेवणात त्यांनी काही झाकून ठेवलं नाही.

होळीला लूम बंद राहतील, तेव्हा दमणला जायचं आहे. गाडीच्या जातानाच्या दोन जागा मी सांगून ठेवल्या, एक माझी, एक आप्पांची; ह्यांना तेव्हा सुटी नाही. येतानाच्या किती सांगायच्या, हे आप्पांना विचारायचं अजून राहिलं आहे.