पाकीट टाकलं

माझी पर्स अकरा कप्प्यांची आहे. हे मी मिरवण्यासाठी सांगत नाही. म्हणजे, थोडंसं मिरवण्यासाठीच सांगतेय. दाराशी उभ्या राहून कोपरापर्यंत हात पर्समध्ये घालून किल्ली शोधणाऱ्या बायकांकडे मी हल्ली दयेनं बघते. माझ्याकडे पहिला कप्पा किल्ल्यांचा, दुसरा मोबाइलचा, तिसरा डोकेदुखीच्या गोळ्यांचा आणि असं थेट अकराव्यापर्यंत. अकरावा चोरकप्पा आहे. तो इतका चोर आहे की मला स्वतःला तो दर वेळी नव्यानं शोधावा लागतो.

ही पर्स मी खास फिरतीसाठी घेतली. आमचा बटणांचा कारखाना आहे. आमचा म्हणजे साहेबांचा; मी तिथे नऊ वर्षं आतल्या टेबलावर बसून बटणं निवडते, चांगली इकडे आणि बाद तिकडे. बाहेरगावच्या गिऱ्हाइकांकडे साहेब स्वतः जायचे. पण या वेळी कोट शिवणाऱ्या एका मोठ्या कारखान्याचं बोलावणं आलं आणि नेमकी साहेबांची कंबर धरली.

"तुम्ही जाऊन या," खुर्चीत तिरके बसून साहेब म्हणाले. "काम झालं तर यापुढची फिरती तुमची."

"आणि नाही झालं तर?"

"तर माझी कंबर बरी होण्याची वाट बघू."

नऊ वर्षं मी या वाक्याची वाट बघत होते. पहिल्या वाक्याची, कंबरेच्या नव्हे.

चोवीस नमुन्यांची बटणं एका पुठ्ठ्यावर टाचली आणि तो पुठ्ठा जाड पाकिटात घातला. पाकिटावर गिऱ्हाइकाचा पूर्ण पत्ता हवा, हा साहेबांचा नियम. प्रवासात हरवलं तर सापडणारा माणूस ते पोचवील, अशी त्यांची माणसांबद्दलची समजूत आहे. मी सुवाच्य अक्षरात पत्ता लिहिला, खाली दोन रेघा ओढल्या आणि पाकीट घरी जेवणाच्या टेबलावर ठेवलं. शेजारच्याच खुर्चीवर नवी पर्स तोंड उघडून बसली होती. बुधवारी पहाटे निघायचं होतं. हा सोमवार. सकाळी मी नेहमीप्रमाणे एक हात बाहीत आणि एक हात कंगव्यावर अशी धावत होते.

इथे माझ्या सासऱ्यांची ओळख करून द्यायला हवी. बाबा पोस्टातून निवृत्त झालेत. चौतीस वर्षं पत्रांवर शिक्के मारून त्यांच्या उजव्या हाताची बोटं सुजून वाकडी झाली आहेत, पण त्यांच्या हातून एक पत्र कधी इकडचं तिकडे झालं नाही. घरात काम सांगावं तर त्यांनाच. नवऱ्याला सांगितलेलं काम त्याच्या एका कानातून शिरतं आणि दुसऱ्या कानापर्यंतही पोचत नाही.

"बाबा," मी दारातून ओरडले, "टेबलावरचं पाकीट आठवणीनं टाका हं! फार महत्त्वाचं आहे."

बाबांनी चष्मा लावला, पाकीट डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाले, "अक्षर छान आहे तुझं. टाकतो."

संध्याकाळी मी विचारलं, "टाकलंत का?"

"हातासरशी. सकाळीच."

मी पर्स वरून थोपटली. मोठ्या कप्प्यात चपटं, कडक असं काहीतरी हाताला लागलं. झालं. बाबांनी टाकलं म्हणजे टाकलं. मी चेन ओढली आणि दोन दिवस निश्चिंत राहिले.

बुधवारी पावणेअकराला मी त्या कारखान्याच्या स्वागतकक्षात पोचले. अंगात ठेवणीतला कोट, खांद्याला पर्स, हातात चाकांची बॅग. अकराला खरेदीप्रमुख बाईंची भेट. म्हटलं, पाकीट हातातच धरून आत जावं, बरं दिसतं. चेन उघडली. कडक वस्तू बाहेर काढली. तो नव्या पर्सचा आकार बिघडू नये म्हणून दुकानदार आत घालतात ना, तो कोरा पुठ्ठा होता.

मग मी अकराही कप्पे उघडले. चोरकप्पासुद्धा पहिल्या फटक्यात सापडला, यावरून माझ्या अवस्थेची कल्पना यावी. पाकीट नव्हतं. मी घरी फोन लावला.

"बाबा, पाकीट टाकलंत ना?"

"टाकलं."

"कुठे टाकलंत?"

"पेटीत. दुसरीकडे कुठे टाकणार?"

माझा जीव भांड्यात पडला. बाबा माझ्या चाकांच्या बॅगेला पेटीच म्हणतात. म्हणजे पाकीट कपड्यांत होतं! मी फोन ठेवला आणि स्वागतकक्षातल्या गुबगुबीत सोफ्यावर बॅग उघडली. गाऊन निघाला, टॉवेल निघाले, प्रवासी इस्त्री निघाली. एका मुक्कामाला चपलांचे चार जोड कशाला लागतात, हे मला विचारू नका. टेबलामागच्या मुलीनंही विचारलं नाही, तिनं ते फक्त मोजले. पाच मिनिटांत सोफा धोब्याच्या दुकानासारखा दिसायला लागला आणि पाकिटाचा पत्ता नव्हता.

"बाबा, पेटीत काही नाहीये!"

"नसणारच. सोमवारी अकरालाच उघडली असेल."

"कोणी उघडली?"

"पोस्टमननं."

"पोस्टमननं माझी पेटी उघडली?"

"तुझी कशी?" बाबा जरा दुखावून म्हणाले. "सरकारी पेटी आहे ती."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. चौतीस वर्षं पोस्टात काढलेल्या माणसाच्या हातात मी पूर्ण पत्ता लिहिलेलं पाकीट दिलं होतं आणि म्हटलं होतं, टाका. तो माणूस दुसरं काय करणार होता? पर्समध्ये टाका, हे 'पर्समध्ये' मी मनातल्या मनात म्हटलं होतं.

मी बाबांना सगळं सांगितलं.

"म्हणजे माझं चुकलं का गं?" बाबांचा आवाज एकदम लहान झाला.

मला रडू फुटायच्या बेतात होतं. फिरती गेली, नऊ वर्षं गेली, आता मरेपर्यंत चांगली इकडे आणि बाद तिकडे. पण तो आवाज ऐकून मला त्यांच्यावर रागावता येईना.

"नाही बाबा. मी टाका म्हटलं, तुम्ही टाकलंत. यात तुमचं काय चुकलं?"

"घरच्या काट्यावर वजन करून पुरती तिकिटं लावलीत," ते घाईघाईनं म्हणाले. "आजच पोचेल बघ."

मी बरं म्हटलं. त्यांचा टपालावर जेवढा विश्वास आहे, तेवढा माझा माझ्या लग्नाच्या नवऱ्यावर नाही.

अकराला पाच कमी होते. मी कपडे बॅगेत कोंबले, वर बसून ती बंद केली, आणि बसल्या बसल्या माझं लक्ष स्वतःच्या कोटाकडे गेलं. कोटाला सहा बटणं होती. आमच्याच कारखान्याची! बाद मालातली होती, पण आमची होती. साच्यात काहीतरी बिघडून त्या बटणांच्या मध्यावर खड्डा पडला होता आणि साहेबांनी अख्खा घाणा बाजूला काढला होता. मी मूठभर घरी आणली होती.

"कात्री आहे का हो?" मी त्या मुलीला विचारलं. तिनं दिली, आणि खुर्ची जरा मागे सरकवली.

अकराच्या ठोक्याला मी खरेदीप्रमुख बाईंसमोर बसले. एका हातानं कोट धरलेला, दुसऱ्या मुठीत सहा बटणं, त्यांना दोरे लोंबताहेत. बाई साठीच्या आसपासच्या, कमी बोलणाऱ्या. मी बटणं टेबलावर ओतली आणि पाठ केलेलं भाषण सुरू केलं. नमुने वाटेत आहेत, आमचा कारखाना वेळेचा पक्का आहे, तोवर हे केवळ मासला म्हणून...

बाईंनी शांतपणे खण उघडला. माझं पाकीट बाहेर काढलं. माझं सुवाच्य अक्षर, खाली दोन रेघा, कोपऱ्यात सरळ ओळीत लावलेली तिकिटं.

"हे सकाळच्या टपालानंच आलं," त्या म्हणाल्या. "चोवीसही बघून झाली. सात आणि एकोणीस नंबर आम्ही घेतोय. दुपारी तुमच्या साहेबांना फोन करणारच होते." मग त्यांनी माझ्या उघड्या कोटाकडे बघितलं. "तुम्ही कशासाठी आलात?"

या प्रश्नाचं उत्तर अकरा कप्प्यांपैकी एकातही नव्हतं. काम झालं होतं आणि ते माझ्याशिवाय झालं होतं. साहेबांना हे कळलं असतं तर फिरतीवर माणूस पाठवण्याऐवजी त्यांनी तिकिटांचा गठ्ठाच आणला असता.

"आणि हे काय?" बाईंनी माझ्या कोटाचं एक बटण उचललं होतं. बोलता बोलता त्यांचा अंगठा आपोआप खड्ड्यात जाऊन बसला होता.

"ते बाद मालातलं आहे," मी खरं तेच सांगितलं. "माझ्या सासऱ्यांची बोटं वाकडी झालीत. साधं बटण धरता येत नाही, निसटतं. रोज सकाळी दुसऱ्याला हाक मारावी लागायची, आणि त्यांना ते आवडत नाही. या खड्ड्यात अंगठा टेकतो. म्हणून मी त्यांच्या सगळ्या सदऱ्यांना हीच लावली. उरली ती माझ्या कोटाला."

"लावता येतात त्यांना?"

"आता वरचंसुद्धा स्वतः लावतात."

बाई थोडा वेळ ते बटण फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्या कोटांबद्दल वयस्कर लोकांची हीच तक्रार असते. हे पाकिटात का नव्हतं?"

"कारण आम्हाला वाटत होतं, ते बिघडलंय."

"मला लावून दाखवा बघू."

मी कोटाकडे बघितलं. बाईंनीही बघितलं. सहाही जागी नुसते दोरे होते. मग त्या हसल्या आणि सुई-दोरा मागवला.

खड्ड्याच्या बटणांची मागणी पाकिटातल्या त्या दोन नमुन्यांपेक्षा मोठी निघाली. साहेबांनी त्या साच्यावर आता 'हात लावू नये' अशी पाटी लटकवलीय. आणि फिरती माझी झाली! पुढच्या महिन्यात दोन गावं आहेत. "नमुने आधी टपालानं पोचवायचे आणि मग आपण जायचं, ही तुमची युक्ती फार आवडली," असं साहेब सगळ्यांसमोर म्हणाले. मी नम्रपणे मान खाली घातली. आता भर सभेत साहेबांना खोटं कसं पाडायचं?

बाबांना मात्र सगळं सांगितलं. ते दिवसभर गल्लीत ताठ मानेनं हिंडले. पुढच्या नमुन्यांची पाकिटं तेच टाकणार आहेत, म्हणजे पेटीत, म्हणजे सरकारी.

मीही धडा घेतलाय. घरात 'टाका' हा शब्द मी पूर्ण बंद केला. कुठे, कशात, सगळं स्पष्ट सांगायचं आणि 'ठेवा' म्हणायचं. आजच सकाळी म्हटलं, "बाबा, माझ्या चहात दोन चमचे ठेवा."

त्यांनी ठेवले. साखर नव्हती, पण चमचे दोनच होते.