बादलीतली उष्णता

कापडे गावाच्या पुढच्या त्या शाळेत प्रयोगशाळा होती आणि प्लगही होता, फक्त दोन्ही एका ठिकाणी नव्हती. चालू प्लग एकच आणि तो व्हरांड्यात. त्यामुळे अनुष्का मॅडमनी दहा लिटर पाण्याची बादली आणि पाणी तापवायचा दीड हजार वॅटचा रॉड तिथेच मांडला होता. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला किती उष्णता लागते, हे दहावीला मोजून दाखवायचं होतं. पुस्तकातलं उत्तर ४.२ ज्यूल. मॅडमनी घरी सराव केला होता आणि दर वेळी त्याच्या आसपासच आलं होतं. हे बरं झालं होतं, कारण त्यांची शिक्षणसेवकाची तीन वर्षं संपत आली होती. कायम व्हायचं तर आजचा पाठ शिक्षण विस्तार अधिकारी शेलार साहेबांना पटायला हवा होता.

शेलार साहेब भर पावसात मोटारसायकलवरून आले आणि शाळेच्या वळणावर घसरून थेट शेतात गेले. लागलं काही नाही, पण चिखल नाकापर्यंत पोचला. मुख्याध्यापक दत्ताराम सरांनी खिचडी शिजवणाऱ्या साळूबाईंना फर्मावलं, "साहेबांना पाय धुवायला गरम पाणी द्या."

गॅसवर तर खिचडी रटरटत होती. व्हरांड्यात मात्र वाफाळती बादली तयार होती. दहावीतला धम्मपाल दहा मिनिटं मोजून, रॉड बंद करून, नुकताच मॅडमना बोलवायला गेला होता. शाळेत एवढं पाणी साहेबांशिवाय कुणासाठी तापवणार, असं साळूबाईंना वाटलं. त्यांनी बारकी बादली भरून घेतली. दुसऱ्याच्या भांड्यातलं पाणी घेतलं की तेवढंच परत भरून ठेवायचं, ही त्यांची रीत. टाकीच्या गार पाण्याने त्यांनी मोठी बादली होती तेवढी भरून ठेवली.

थोड्या वेळाने साहेब खेळाच्या सामानातली ट्रॅकपँट घालून, भांग पाडून वर्गात येऊन बसले. बादली आत आणली गेली. धम्मपालने थर्मामीटर बुडवला.

"चौतीस!"

"नीट बघ रे," मॅडम म्हणाल्या.

"चौतीसच हाय, मॅडम. मगाशी बोट घातलं तर चटका बसला होता."

सुरुवातीला पाणी सव्वीस अंशांवर होतं. पूजाने फळ्यावर गणित मांडलं. उत्तर आलं सव्वाअकरा.

"पुस्तकात चार पूर्णांक दोन आहे," साहेब म्हणाले. "इथलं पाणी काही वेगळं आहे का?"

"पावसाळी हवा, साहेब," दत्ताराम सर मदतीला धावले. "उष्णता हवेत जाते."

"एवढी? मग हवाच प्या की चहाऐवजी!"

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. तीन वर्षं पाण्यात गेली, असं त्यांना वाटलं. मग त्यांना रागच आला, कारण पाणी असं वागत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"मुलांनो," त्या म्हणाल्या, "रॉडच्या हिशेबाने पाणी सत्तेचाळीस व्हायला हवं होतं. बादली तर भरलेलीच आहे. म्हणजे कुणीतरी गरम काढून गार ओतलंय. किती, ते काढा."

वर्ग वह्यांत डोकं घालून गणित करू लागला. आधी पूजाचा हात वर आला. "सहा लिटर, मॅडम. वर थोडं."

"मीच नेलं गो बाय," दारातून साळूबाई म्हणाल्या. "साहेबांना पाय धुवायला."

सगळ्यांच्या नजरा साहेबांच्या पायांवर गेल्या. पाय लख्ख होते. चोर सापडला होता, पण भलताच.

"पाय धुतले हे खरं," साहेब घसा साफ करत म्हणाले. "पण दोन पायांना सहा लिटर? मी तांब्याभर घेतलं असेल. तुमचं गणित चुकतंय, मॅडम."

दत्ताराम सर साहेबांच्या पाठीमागून जोरजोरात मान हलवून 'हो म्हणा, हो म्हणा' असं सुचवत होते. एक होकार दिला की नोकरी पक्की होती. मॅडमनी फळ्याकडे पाहिलं, मग पूजाकडे.

"नाही साहेब," त्या म्हणाल्या. "सहाच."

"सहा तर सहा," साळूबाई म्हणाल्या. "बारकी बादली रिकामी करून दिलीत न्हवं मला? आत गाणं म्हणत आंघूळ चालली होती, मी आयकलं की!"

मुलांनी तोंडात रुमाल कोंबले. साहेबांचा हात नकळत ओल्या केसांवर गेला आणि तिथेच राहिला.

"पाणी फार छान होतं हो," अखेर ते म्हणाले. "राहवलं नाही. पूजा, गणित बरोबर आहे तुझं. मॅडम, प्रयोग पुन्हा करा. आणि बादलीपाशी ह्या साळूबाईंनाच बसवा."

साळूबाई पदर खोचून पहाऱ्याला बसल्या. कुणाला बोटही लावू दिलं नाही त्यांनी. या खेपेला उत्तर आलं ४.४.

"थोडी उष्णता हवेत जातेच," साहेब दत्ताराम सरांकडे बघून म्हणाले. "मॅडम, माझ्याकडून तुम्ही कायम. माझ्यासमोर माझंच गणित मांडणारं दुसरं कुणी मला भेटलं नाही."

मॅडम यावर काही बोलणार, एवढ्यात दत्ताराम सर खांद्यावर टॉवेल टाकून पुढे झाले.

"प्रयोग झाला ना, मॅडम?" त्यांनी हळूच विचारलं. "मग ही बादली मी नेऊ?"