चौकटीच्या सदऱ्याची मोहीम

आरंभी स्मरण त्या सर्वांचे, जे गेले आणि ज्यांचे कपडे मागे राहिले. पुढे हकीकत ऐसी की, चष्म्याच्या दुकानी भिंगे घासणाऱ्या बाईसाहेब, वय वर्षे बेचाळीस, उंची बेताची, वजन लिहिण्याची आज्ञा नाही, यांणी आपल्या वडिलांच्या एका न धुतलेल्या सदऱ्याच्या रक्षणार्थ पाच आठवडे जी मोहीम केली, तींत कोण कोण कामी आले, कोणास शिकस्त जाहली आणि शेवटी फत्ते कैसी जाहली, हे जैसे घडले तैसे लिहिले आहे. पदरचे काही घातले नाही. लाजिरवाणे म्हणोन गाळलेही नाही.

मूळ कारण हे. बाईसाहेबांचे तीर्थरूप पेशाने पुस्तकबांधणीवाले. हयातभर लोकांच्या सुट्या पानांचा बंदोबस्त केला, आणि हिवाळ्याच्या तोंडी दोन दिवसांच्या आजारात निवर्तले. इस्पितळी जाते समयी अंगातला चौकटीचा सदरा काढोन न्हाणीघराच्या दारामागल्या खुंटीस अडकविला, की उद्या येऊन हाच घालू. ते आले नाहीत. सदरा राहिला. त्यास खळीचा, दाढीच्या साबणाचा आणि किंचित कापराचा ऐसा तिहेरी वास होता. बाईसाहेबांणी त्यावर आपला टॉवेल टाकोन तो झाकला, आणि मग रोज सकाळी दार लोटोन घेऊ लागल्या, आणि दात घासण्यास पूर्वीहून दुप्पट वेळ लागो लागला.

इतक्यात तीर्थरूपांच्या वडील भगिनी, आत्याबाईसाहेब, वय वर्षे चौऱ्याहत्तर, एक बॅग आणि आठ दिवसांचा वायदा घेऊन दाखल जाहल्या. वायद्यास आता पाच महिने होत आले. आत्याबाईसाहेब म्हणजे लहान आसामी नव्हे. मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यावर एकतीस वर्षे मुख्याधिकार केलेला. रोज चारशे चादरी ज्यांच्या हुकमाने उकळत, त्यांस हे घर म्हणजे किस झाड की पत्ती. धाकट्या भावाचे दुःख जाहले ते त्यांणी कोणास दाखविले नाही. बाह्या मात्र सारल्या. पहिल्या आठवड्यात पडदे पाडाव जाहले, दुसऱ्यात उशांचे अभ्रे, मग गाद्यांच्या खोळी, मग पायपुसणी, आणि मग तीर्थरूपांची कानटोपी, मफलर, सहा सदरे आणि ज्या खुर्चीत ते बसत तिची गवसणी, ऐसे सर्व धुलाईच्या यंत्रात गेले आणि साबणाचा एकच वास घेऊन बाहेर आले. घर इतके स्वच्छ जाहले की येथे कोणी राहून गेले होते ऐसे वाटू नये.

बाईसाहेबांचा दम कोंडो लागला. दुकानी गिऱ्हाईक हळहळे, जिन्यात शेजारीण हळहळे, भाऊबंद फोनावरून हळहळत, आणि सर्वांचे वजन मिळोन छातीवर येई. पण ऊठ म्हणावे तर कोणी बसलेले दिसेना. ऐशा समयी दुकानामागल्या गल्लीत, गालिचेवाल्याच्या तळघरात, ब्राझील मुलखीची जिउ-जित्सू नामे विद्या शिकवितात ऐसी पाटी नजरेस पडली. आत डोकावता दिसले की चांगले चांगले सभ्य गृहस्थ जाड पांढरे अंगरखे घालोन, कमरेस पट्टे बांधोन, एकमेकांच्या छातीवर बसले आहेत. बाईसाहेबांणी मनी विचार केला की येथे निदान छातीवर कोण बसला आहे हे तरी कळते. आणि त्याच संध्याकाळी नाव घातले.

या विद्येत लाथ नाही, ठोसा नाही. पाठ जमिनीस लागली की कुस्ती संपते. ही विद्या तेथोन सुरू होते. दाब असह्य जाहल्यास प्रतिपक्षाच्या अंगावर दोन थापा माराव्या, की तो तत्काळ सोडतो, आणि मग दोघे हात मिळवोन पुन्हा तेच आरंभितात. बाईसाहेबांच्या वाट्यास दंतवैद्य आले. वजन ब्याण्णव किलो, स्वभावे गाय. छातीवर आडवे पसरोन, सर्व भार टाकोन, वर अदबीने पुसत, "ताई, त्रास नाही ना होत?" उत्तरापुरताही श्वास उरलेला नसे. बाईसाहेब दोन्ही हात ताठ करोन त्यांस ढकलीत, दंतवैद्य तोच ताठ हात धरोन पिळीत, आणि मग थापा. पहिल्या महिन्यात पंच्याऐंशी थापांपर्यंत हिशेब लागतो, पुढे बोटे पुरली नाहीत. उस्ताद पोटापाण्यास लिफ्ट दुरुस्त करणारे, अंगाने काटक. ते भिंतीस टेकोन एकच फर्मान काढीत.

"ढकलू नका हो ताई. तो हलायचा नाही. तुम्ही हला."

बाईसाहेब मान डोलवीत आणि पुन्हा ढकलीत.

ही खबर आत्याबाईसाहेबांस लागली तेव्हा स्वयंपाकघरात मोठी चकमक जाहली.

"बाप जाऊन तीन महिने नाही झाले, आणि तू परक्या माणसाच्या अंगाखाली लोळतेस?"

"आत्या, तो दातांचा डॉक्टर आहे."

"मग दात बघ म्हणावं!"

आणि त्या रागात, की सवयीने, आत्याबाईसाहेबांणी पांढरा अंगरखा उकळत्या पाण्यात घातला. अंगरखा आटला. बाह्या कोपरावर गेल्या, तुमान पोटरीवर. दंतवैद्यांणी भोळेपणे विचारले की ताईंणी घाईत भाच्याचा आणला काय. तेव्हा नवा अंगरखा घेणे प्राप्त जाहले, आणि उभयपक्षी तह ठरला, तो येणेप्रमाणे: क्लासाची पिशवी ही परकी हद्द, तीस आत्याबाईसाहेबांणी हात लावू नये, अंगरखा बाईसाहेबांणी कोपऱ्यावरच्या धुलाईच्या दुकानी स्वतः धुवावा, बदल्यात पिशवीने बाल्कनी सोडोन घरात पाऊल टाकू नये. तह दोहींकडून इमानाने पाळला गेला.

आणि मग एके शनिवारी आत्याबाईसाहेबांणी बाईसाहेबांचा टॉवेल, जो बाईसाहेब एरवी आपणच धूत, धुवावयास उचलला, तो खाली सदरा उघडा पडला. हुकूम सुटला, "उद्या हा पण घालते मशीनला. चार महिने तसाच लोंबतोय, शी!" बाईसाहेबांस रात्रभर मसलत सुचेना. पहाटे उठोन त्यांणी सदरा काढला आणि जेथे आत्याबाईसाहेबांचा हात पोचणार नाही ऐसे मुलखात एकच ठिकाण होते, तेथे, म्हणजे पिशवीच्या तळाशी, घडी करोन ठेविला.

येथे चूक जाहली, ती लिहिणे भाग आहे. सदऱ्याभोवती काही गुंडाळले नाही. आणि त्याच पिशवीत आठवड्यातून तीन वेळा, पाच आठवडे, घामाने निथळणारा अंगरखा वरोन कोंबला गेला. बाईसाहेबांणी सदरा एकदाही काढोन पाहिला नाही. रोज घेऊन घेऊन वास सरत चालला ऐसी त्यांची आता समजूत, म्हणोन अगदीच वाईट दिवसासाठी तो राखोन ठेविला. दिवस वाईटच येत होते. पण प्रत्येक दिवशी वाटे की याहून वाईट येईल, तेव्हा काढू.

इकडे आत्याबाईसाहेबांणी शोध आरंभिला. कपाटे उपसली, पलंगाखाली जातीनिशी शिरल्या.

"सात शर्ट होते त्याचे. सहा मी धुतले. सातवा कुठाय?"

"मला काय माहीत? धुतला असशील आणि विसरली असशील."

"मी? एकतीस वर्षांत एक अभ्रा हरवला नाही माझ्या हातून, बये!"

ऐसे रोज चाले. पाचव्या रविवारी दुपारी आत्याबाईसाहेबांणी पुन्हा विचारले, आणि बाईसाहेबांचा तोल गेला. सर्व बळ एकवटोन, दोन्ही हात ताठ करोन ढकलावे तैसे त्या बोलल्या.

"बाबांचं एक तरी काहीतरी राहू दे ना घरात! सगळं पुसून टाकलंस तू. सगळं!"

आत्याबाईसाहेबांणी कपड्यांचे चिमटे मोजोन डब्यात टाकले. मग म्हणाल्या, "माझा भाऊ होता तो. तुझा बाप व्हायच्या आधी तेवीस वर्षं माझा भाऊ होता." आणि यंत्रापाशी गेल्या. बाईसाहेब पिशवी उचलोन जिना उतरल्या.

तळघरात पोचल्यावर कपडे बदलण्याच्या खोलीत त्यांणी मनाशी ठरविले की याहून वाईट दिवस आता येणे नाही. पिशवीच्या तळातून सदरा काढला आणि नाकाशी धरला. खळ नव्हती. साबण नव्हता. कापूर नव्हता. होता तो घाम, ओले जाड सूत आणि जमिनीवरच्या मॅटचे रबर. आत्याबाईसाहेबांणी पाच आठवडे शोधोन जे साधले नाही, ते बाईसाहेबांणी आपल्या हाताने केले होते. त्या चपलांच्या मांडणीशेजारच्या बाकावर बसल्या. रडू आले नाही. पट्ट्याची गाठ तीन वेळा बांधली, तिन्ही वेळा चुकली.

उस्तादांची हाक आली आणि पाच मिनिटांची फेरी लागली. दंतवैद्य रिवाजाप्रमाणे येऊन छातीवर आडवे जाहले आणि पुसले, "ताई, त्रास नाही ना होत?" बाईसाहेबांणी ढकलण्यास हात उचलावे, तो हातांत त्राण नव्हते. दुपारीच खर्ची पडले होते. तेव्हा त्या अंमळ तैशाच पडोन राहिल्या. मग एका कुशीवर वळल्या, कोपर आपल्याच बरगडीशी घेतले, आणि कंबर वीतभर मागे सरकविली, जैसी कोळंबी आकसोन मागे जाते. वीतभर जागा जाहली. त्या जागेत गुडघा शिरला. मग आणखी वीतभर. आणि मग दंतवैद्य ब्याण्णव किलो वजनानिशी मोकळ्या मॅटवर पडलेले, आणि बाईसाहेब बाजूस गुडघ्यांवर बसलेल्या, ऐसे सर्वांणी पाहिले.

"अरेच्चा! ताई गेल्या कुठे?" दंतवैद्य मॅटकडे तोंड करोनच म्हणाले.

उस्ताद भिंतीपासोन प्रथमच सुटे जाहले. "बघा! त्याला हलवलं का तुम्ही? नाही ना?"

ऐसा विजय, त्याची खुशाली गाजवावी, पेढे नाही तरी चहा तरी व्हावा. पण बाईसाहेबांणी हात मिळविला आणि फेऱ्या बाकी असता निघण्याची रजा मागितली. वाटेत त्यांणी ठरविले की आत्याबाईसाहेब हलणार नाहीत. चौऱ्याहत्तर वर्षांत कोणाकडून हलल्या नाहीत. आपण हलावे.

घरी आत्याबाईसाहेब यंत्राचे दार उघडोन पांढरे आणि रंगीत ऐशा दोन राशी करीत होत्या. बाईसाहेब तह मोडोन पिशवीसकट आत आल्या आणि सदरा पुढे केला.

"आत्या, हा घे. मीच लपवला होता. जपायला म्हणून पिशवीत ठेवला आणि बाबांचा वासच घालवला त्याचा. माझ्याच घामाचा येतोय आता. टाक धुऊन."

आत्याबाईसाहेबांणी पिशवीकडे एकवार पाहिले. सदरा घेतला, काखेत, कॉलरीत बोट फिरविले, आणि नाकाशी धरला, कारण कपड्याचा वास घेतल्याविना पाणी थंड की कोमट की उकळते हे त्या ठरवीत नसत. बाईसाहेब निकालाची वाट पाहत उभ्या राहिल्या. निकाल येईना. आत्याबाईसाहेबांणी सदरा पुन्हा नाकाशी धरला, आणि मग यंत्राशेजारच्या स्टुलावर बसल्या, आणि बराच वेळ सदरा खाली घेतलाच नाही.

"खेळून यायचा ना," त्या सदऱ्यातूनच म्हणाल्या, "शाळेत असताना. असाच यायचा वास. आई ओरडायची, आधी अंघोळ कर म्हणून. आणि हा मेला तसाच माझ्याला चिकटून जेवायला बसायचा. मुद्दाम."

बाईसाहेबांणी पिशवी खाली ठेविली.

"आल्यापासून शोधतेय मी घरभर. त्या कानटोपीत बघितलं, मफलरमध्ये बघितलं. सगळीकडे ती खळ न् तो कापूर. म्हाताऱ्याचा वास. मला कुठं ठाऊक होता तो म्हातारा? वर्षातनं दोनदा यायची मी." मग सदरा बाईसाहेबांच्या हाती देत म्हणाल्या, "हा आहे तो. घे, बघ."

बाईसाहेबांणी पुन्हा नाकाशी धरला. त्यांस आपलाच घाम आला. परंतु आपला घाम कोणाकडोन आला, हा विचार पूर्वी केला नव्हता, तो त्या स्टुलाशेजारी जमिनीवर बसोन केला. आणि मग जे रडू कपडे बदलण्याच्या खोलीत आले नव्हते, ते आले. आत्याबाईसाहेबांणी रंगीत कपड्यांच्या राशीतून एक उशीचा अभ्रा काढोन दिला, आणि एक आपण घेतला. उभयतांच्या नाक शिंकरण्याचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला ऐसे शेजारीण सांगते.

त्या रविवारी यंत्र चालले नाही. दोन्ही राशी सोमवारपर्यंत जमिनीवर राहिल्या, ही गोष्ट आत्याबाईसाहेबांच्या कारकीर्दीत पूर्वी घडलेली नाही.

मोहिमेअखेर जे ठरले ते कायम नोंदीस घातले, ऐसे: चौकटीचा सदरा पाण्यात जाणार नाही, थंड, कोमट वा उकळत्या. आत्याबाईसाहेबांचा आठ दिवसांचा वायदा बेमुदत समजावा. आणि तिसरे कलम आत्याबाईसाहेबांणी आपल्या तोंडे, चहा ढवळीत, फर्माविले:

"वास उतरला की परत घाल त्या पिशवीत. ओल्या अंगरख्याखाली. आणि क्लास चुकवायचा नाही हं, सांगून ठेवते. आळस करशील तर बघ!"

त्यावरोन बाईसाहेब आठवड्यातून तीन संध्याकाळी सरकारी कामावर तळघरी रुजू होत आहेत. फत्ते जाहली, सदरा राखला, ऐसे दप्तरी दाखल केले. दंतवैद्यांस यातील काहीच ठाऊक नाही. ते बापडे छातीवर आडवे होऊन, सर्व भार टाकोन, त्रास नाही ना होत म्हणोन पुसतात, आणि बाईसाहेब हल्ली सांगतात, "होतोय, डॉक्टर. थोडा आणखी घाम येऊ द्या."