गेणूभाऊंची सीट

पिंपळवंडीच्या नदीघाटावर गेणूभाऊंच्या दहाव्याला दोन पुढाऱ्यांची भाषणं झाली, ऊन डोक्यावर आलं, तरी कावळा काही पिंडाला शिवेना. समोरच्या बाभळीवर तो ढिम्म बसून होता.

"काय इच्छा ऱ्हायली असंल भाऊची?" चुलते बाळासाहेब कळवळले. "सुदर्शन, बोल काहीतरी. पावणं उपाशी हायेत."

गेणूभाऊंच्या मुलाने, सुदर्शनने, हात जोडले. "आईला सांभाळीन, आबा."

कावळ्याने मान फिरवली.

"भाऊ, सरकवलेला बांध मागं घेतो," बाळासाहेब बोलून गेले आणि लगेच पस्तावले. कावळा हललाच नाही.

इच्छा कोणती, ते सुदर्शनला पक्कं ठाऊक होतं. शिकागोहून ये-जा करून त्याने एका विमान कंपनीचं सोनेरी कार्ड कमावलं होतं. त्या कंपनीची सोयरीक मुंबईला येणाऱ्या दुसऱ्या कंपनीशी. कार्ड दाखवलं की तिच्या भरल्या विमानातही सीट मिळे, आणि साठलेल्या मैलांवर फुकट तिकीटही. "आबा, पुढच्या वर्षी तुमाला इमानात बसवतो," असं पाच वर्षं चाललं होतं. आणि अचानक, निवडणुकीआधी पुढारी पक्ष बदलतो तसा, त्याच्या कंपनीने गट बदलला. सोयरीक तुटली, कार्डाची पत गेली.

इकडे आबा अंथरुणाला खिळले, तरी सगळ्यांना बजावत होते, "इतक्यात बोलवू नका त्याला. कार्ड हाय त्याच्याकडं. कवाबी सीट मिळती."

अखेर फोन गेला. सुदर्शनने काउंटरवर कार्ड ठेवलं. तिथल्या बाईने ते गोड हसून परत केलं. दोन दिवस तो विमानतळावरच बसून राहिला. घरी पोचला तेव्हा राख सावडूनही झाली होती.

आता त्याला राहवेना. त्याने खिशातून कार्ड काढून पिंडाशेजारी ठेवलं. "चुकलं माझं, आबा," म्हणाला आणि सगळ्यांदेखत ढसाढसा रडला.

कावळा झपकन खाली उतरला. पिंडाकडे ढुंकूनही न बघता त्याने ते चकचकीत कार्ड चोचीत धरलं आणि नदीपलीकडे, लेण्याद्रीच्या दिशेने उडाला.

"शिवला म्हणायचं का न्हाई?" कुणीतरी विचारलं.

"शिवला, शिवला! पंगत बसवा!" बाळासाहेब ओरडले.

सुदर्शनच्या आईने, गोजरबाईने, पदराने डोळे पुसले. दहा दिवसांत पहिल्यांदाच तिचा चेहरा निवळला होता.

"घेतलं बग त्यांनी," ती म्हणाली. "आता तरी बसतील इमानात."

ते कार्ड आता त्या विमानात चालत नाही, हे तिला सांगायचा सुदर्शनला धीर झाला नाही.