स्कोअरबोर्डचं तोंड गोड

"हा बोर्ड कुणाच्या बापाचं ऐकणार नाही!"

हे वाक्य नितेश परबने त्या दिवशी सकाळपासून भेटेल त्याला ऐकवलं होतं. साकीनाक्याच्या गाळ्यातून बोर्ड चढवताना टेम्पोवाल्याला ऐकवलं. तो म्हणाला, "ऐकणार नाही तर बनवलास कशाला?" घाटकोपरच्या मैदानावर मांडववाल्यांना ऐकवलं. वेताळदेव क्रीडा मंडळाच्या सेक्रेटरी रश्मीताईंना तर दोनदा ऐकवलं, कारण पहिल्यांदा त्या फोनवर होत्या.

बोर्ड होता कबड्डीचा. इलेक्ट्रॉनिक स्कोअरबोर्ड! दोन्ही संघांचे गुण, चढाईचं घड्याळ, सगळं लालभडक आकड्यांत, पार मैदानाच्या त्या टोकाच्या वडापाववाल्याला दिसेल असं. नितेश आणि त्याचा पार्टनर प्रांजल यांनी वर्कशॉप काढल्यापासूनचं हे पहिलं धड काम. आजवर मंडळात पत्र्याचे आकडे खिळ्याला टांगायचे. गेल्या वर्षी वाऱ्याने नऊचा सहा झाला आणि मारामारी झाली होती.

पण नितेशला धास्ती होती ती वेगळीच. त्याचा लवूमामा! मामाचं गोरेगावला इन्शुरन्सचं ऑफिस. भाच्याने ते ऑफिस सोडून "वायरी जोडायचा धंदा" काढला, हे मामाला अजून पचलेलं नव्हतं. शेवटी घरात तह झाला. बोर्ड नीट चालला तर वर्कशॉप चालू. बोर्डाने सगळ्यांसमोर मान टाकली तर सोमवारपासून मुकाट्याने गोरेगाव. आणि मामाला इतकी खात्री होती की त्याने भाच्यासाठी नवी फिरती खुर्ची आणूनही ठेवली होती. तिचं प्लॅस्टिक तेवढं काढायचं राहिलं होतं.

मामा मैदानावर पहिल्या रांगेत येऊन बसला. नितेशकडे बघून त्याने बसल्या बसल्या हात गोल गोल फिरवून दाखवला. म्हणजे खुर्ची!

"पण मध्येच बंद पडला तर?" रश्मीताईंनी विचारलं. त्यांच्यासोबत इतर मंडळांचे कार्यकर्ते होते. बोर्ड कसा चालतो ते बघूनच ते आपापल्या मैदानांसाठी बोर्ड घ्यायचे की नाही ते ठरवणार होते.

"बंद पडेल कसा, ताई? बूटलोडर सेट केलाय मी!"

"ते काय असतं?"

नितेश खुलला. हा प्रश्न त्याला आजवर कुणी आपणहून विचारलाच नव्हता.

"आमच्या घरी सकाळी सगळ्यात आधी आई उठते. मग ती गॅस पेटवते, पाणी भरते, आम्हाला उठवते. बोर्डात एक छोटा कॉम्प्युटर आहे. त्यातला सगळ्यात आधी उठणारा प्रोग्रॅम म्हणजे बूटलोडर. तो उठला की बाकीच्यांना उठवतो. कशाला कुठून उठवायचं, एक नाही उठला तर दुसऱ्याला कसं उठवायचं, सगळं मी त्याला सांगून ठेवलंय!"

"आणि त्याला कुणी थांबवलं तर?"

"उठल्यावर पाच सेकंद तो कान देऊन बसतो. तेवढ्यात कुणी लॅपटॉप जोडून कुठलंही बटण दाबलं तर पुढचं काम सोडून थांबतो. आईला कुणी दारातून हाक मारली की चहा राहतो ना, तसं! पण इथं बटण दाबणारं आहे कोण?"

तेवढ्यात आई आलीच. विमलाबाईंच्या एका हातात हळदकुंकवाची कोयरी, दुसऱ्या हातात नारळपाण्याचा गडू. नुकताच मैदानात नारळ फुटला होता.

"जेवलंस मां?" तिने आधी विचारलं.

"जेवतो गं, आधी बोर्ड चालू होऊ दे."

"चालू कसो होतलो? नवी वस्तू, हळदकुंकू नको?" तिने बोर्डाच्या डब्याला एक चक्कर मारली. "तोंड खंय आसा ह्येचा?"

नितेश वायर लावण्यात गुंतला होता. डब्याच्या मागे एक चौकोनी भोक होतं, आत चार पिना. लॅपटॉपची केबल तिथे लागायची. त्याने मागे न बघता बोट दाखवलं.

"ते बघ, ते त्याचं तोंड! तिथूनच ते आमच्याशी बोलतं."

विमलाबाईंनी मान डोलावली. त्यांनी तोंडाला हळद लावली, कुंकू लावलं. मग त्यांच्या मनात आलं, तोंड आहे तर नुसतं कुंकू लावून कसं चालेल? लेकराचं पहिलं काम! त्यांनी गडूत बोट बुडवून नारळपाणी घेतलं, वर प्रसादाची चिमूटभर साखर घेतली आणि बोर्डाचं तोंड गोड केलं.

"स्विच ऑन!" नितेशने आरोळी ठोकली.

बोर्ड झगझगीत पेटला. दोन्ही बाजूंना आकडे उमटले. ८८. ८८.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नितेशही हसला. चालू होताना सगळे दिवे लागतात का ते बोर्ड बघतो, म्हणून आधी अठ्ठ्याऐंशी. आता शून्य येईल. आता येईल. आत्ता येईलच!

नाही आलं.

माईकवरचा राजेश म्हणजे गप्प बसवत नाही असा निवेदक. तो सुरू झाला, "रसिकहो, काय हा थरार! सामना अठ्ठ्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी असा बरोबरीत!"

"अरे, सामना सुरू कुठे झालाय!" रश्मीताई ओरडल्या.

पण बोरिवलीचा संघ नुकताच मैदानात शिरत होता. त्यांचा कॅप्टन आकडे बघून जागच्या जागी थबकला. "हे घाटकोपरवाले आधीच अठ्ठ्याऐंशी घेऊन बसलेत!"

"तुमचेपण अठ्ठ्याऐंशीच आहेत की!"

"ते आम्ही न खेळता घेतले! तुम्ही कसे घेतले?"

पंचांनी शिट्टी वाजवली, कशासाठी ते त्यांनाही माहीत नसावं. नितेशने स्विच बंद केला, चालू केला. ८८-८८. पुन्हा बंद, पुन्हा चालू. ८८-८८! पहिल्या रांगेत मामाचा हात जोरजोरात गोल फिरायला लागला.

नितेशने साकीनाक्याला फोन लावला.

"प्रांजल, वाट लागली यार! बूट होत नाहीये!"

"पूर्ण बंद आहे का?"

"नाही रे, बूट सुरू होतो आणि मध्येच थांबतो! बूट थांबला की सगळंच थांबतं!"

रश्मीताईंनी हे ऐकलं आणि राजेशच्या कानात सांगितलं. राजेशने ते आपल्या पद्धतीने माईकवर सांगितलं. "सूचना! सूचना! स्कोअरबोर्डाला बुटांचा त्रास होत आहे! तरी बोर्डाजवळ येणाऱ्यांनी बूट-चपला काढूनच यावं!"

आता लोकांनी काय पाहिलं? डब्याला हळदकुंकू, शेजारी फुटलेला नारळ, आणि वर चपला काढून या म्हणून सूचना! बायकांनी चपला काढल्या आणि रांग लावली. पुढच्या बाईने विमलाबाईंना विचारलं, "कुंकू कुठं लावायचं हो?" विमलाबाईंनी कौतुकाने तोंड दाखवलं. बोरिवलीचा कॅप्टनही रांगेत येऊन उभा राहिला. अठ्ठ्याऐंशी गुण फुकट देणारं दैवत त्याने पहिल्यांदाच पाहिलं होतं.

इकडे नितेश लॅपटॉप उघडून मांडवाच्या खांबाला टेकला होता. केबल घेऊन तो डब्याच्या मागे वाकला, गर्दीत न बघताच त्याने ती भोकात खुपसली, आणि स्क्रीनवर अक्षरांचा पाऊस पडला. त्याखाली बूटलोडरचा निरोप होता, कुणीतरी बटण दाबलं म्हणून मी थांबलोय.

"प्रांजल, मी अजून एकही बटण दाबलेलं नाही! आणि इथे कुणीतरी धडाधड टाईप करतंय!"

"मग पिना बघ ना! ओल असेल. पिनांवर ओल असली तर त्याला वाटतं कुणीतरी बटणं दाबतंय."

नितेशने केबल उपटली. केबलीच्या टोकाला हळद, कुंकू आणि साखरेचा दाणा!

"आई!!"

"काय रे?"

"याच्या तोंडात काय घातलंस?"

"नारळाचा पाणी. नि साखर." विमलाबाईंचा आवाज अगदी निर्मळ होता. "तूच सांगलंस मां, ह्या त्याचा तोंड म्हणान? मगे गोड नको?"

नितेशने डोक्याला हात लावला. बोर्ड बिचारा उठत होता, कान देऊन बसत होता, आणि त्याच्या तोंडातलं नारळपाणी बडबड करून त्याला थांबवत होतं! त्याने रुमाल काढून पिना खसाखसा पुसल्या. वर बघतो तर रांगेतल्या बाईचं कुंकवाचं बोट तिथे हजर. पुन्हा पुसलं. पुढचं बोट आलं.

"अहो काकू, थांबा ना!"

"आमचंच कुंकू चालत नाही होय?" काकू फणकारल्या.

मैदान पेटत चाललं होतं. "पत्रे आणा, पत्रे!" असा ओरडा सुरू झाला. खरोखरच कुणीतरी पत्र्याचे आकडे आणायला धावलं. इतर मंडळांचे कार्यकर्ते एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. मामा उठून जवळ आला आणि प्रेमाने खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जाऊ दे रे. खुर्ची मऊ आसा."

ती खुर्ची नितेशच्या डोळ्यांसमोर आली. तिचं प्लॅस्टिकही दिसलं. आणि त्याच्या अंगात काय संचारलं कोण जाणे!

"प्रांजल, पुसत बसलो तर रात्र होईल. मी सेटिंगच बदलतो! 'कुठलंही बटण' हे काढूनच टाकतो. एक ठरावीक शब्द अक्षर न् अक्षर बरोबर आला तरच थांब, नाहीतर कुणी कितीही बडबडू दे, तू आपला पुढे चल!"

"झकास! पण शब्द असा दे की कचऱ्यातून चुकूनही जुळणार नाही!"

आत शिरायला त्याला काही करावंच लागलं नाही. नारळपाण्याने दार आधीच उघडून ठेवलं होतं! त्याने पिना पुसल्या, केबल लावली, पाठीने रांग अडवली आणि बोटं चालवली. नेमकं शब्दापाशी येऊन डोकं रिकामं झालं.

"शब्द! एक शब्द सांगा कुणीतरी, पटकन!"

"वेताळदेव!" रश्मीताई ओरडल्या.

"अठ्ठ्याऐंशी!" राजेश माईकवरून.

"सोमवार!" मामा.

आईही पदर सावरत काहीतरी म्हणाली. त्या गलक्यात जे कानात शिरलं ते नितेशने ठोकून दिलं, सेव्ह केलं, केबल काढली आणि बाजूला झाला.

"या काकू! लावा कुंकू! अजून लावा!"

काकूंनी लावलं. मागच्या दोघींनीही लावलं. कॅप्टनने नमस्कार करून पेढ्याचा तुकडा चिकटवला. नितेशने स्विच दाबला.

८८-८८. मामाचा हात पुन्हा वर उठला.

आणि मग ००-००!

असा कल्ला उठला की विचारू नका! बोरिवलीचे अठ्ठ्याऐंशी गेले तरी बोरिवलीवालेच सगळ्यात जोरात ओरडत होते.

सामना तर असा रंगला की शेवटच्या चढाईपर्यंत दोन्हीकडे गुण सारखेच. घाटकोपरचा पोरगा चढाईला गेला, रेषेला हात लावायला झेपावला, आणि त्याच क्षणी कुणाचा तरी पाय वायरीत अडकून बोर्डाचा प्लग निघाला! बोर्ड काळाठिक्कर. नितेशने धावत जाऊन प्लग लावला. पिनांवर हळद, कुंकू, नारळपाणी, साखर, पेढा, सगळं शाबूत. बोर्ड उठला. त्याने कान दिला. तोंडातला सगळा गोडवा त्याच्याशी कचाकचा बोलला असणार, पण पठ्ठ्याने ढुंकून पाहिलं नाही! सामना संपेपर्यंत बोर्ड गुण लक्षात ठेवायचा, त्यामुळे आकडे जसेच्या तसे परत आले, पंचांनी हात वर केला आणि घाटकोपरच्या बाजूला एक गुण वाढला.

घाटकोपर जिंकलं! पोरांनी चढाईवाल्याला उचललं, आणि मग कुणाला काय सुचलं, नितेशलाही उचललं. वरून त्याला दिसलं, रश्मीताईंभोवती इतर मंडळांचे कार्यकर्ते जमले होते आणि प्रत्येकाला आपल्याकडेच आधी बोर्ड हवा होता. मामा खाली वाट बघत उभा होता. नितेश उतरल्यावर त्याने घसा खाकरला.

"माझ्या हाफिसाक पण एक लावून दे रे. कुणाचो नंबर इलो, ता दाखवणारो." मग जरा थांबून म्हणाला, "नि ती खुर्ची तुझ्या वर्कशॉपात पाठवतंय."

सोमवारी नितेश खरोखरच त्या फिरत्या खुर्चीत बसला, पण साकीनाक्याला! त्याने प्लॅस्टिक फाडलं, दोन गिरक्या घेतल्या आणि बोर्ड पुढ्यात ओढला. रश्मीताईंना त्यावर संघांची नावंही हवी होती. त्यासाठी बूटलोडरला थांबवायचं होतं.

"शब्द काय दिलास?" प्रांजलने विचारलं.

नितेशने कीबोर्डवर बोटं ठेवली. आणि तशीच ठेवली.

वेताळदेव टाकून बघितलं. अठ्ठ्याऐंशी टाकलं. दात ओठ खाऊन सोमवारही टाकलं. बोर्ड दरवेळी ढुंकून न बघता सरळ शून्य-शून्यवर जाऊन उभा! आता चिप उपटून काढण्याशिवाय इलाज नव्हता. शेवटचा उपाय म्हणून त्याने घरी फोन लावला.

"आई, परवा मैदानात मी शब्द मागितला, तेव्हा तू काय म्हणालीस गं?"

"माका काय आठवता रे! तुझी धावपळ चलली होती. उपाशी पोटी." विमलाबाईंनी सुस्कारा सोडला. "ता जाऊ दे. जेवलंस मां?"

नितेशची खुर्ची फिरायची थांबली. त्याने बोर्ड बंद करून चालू केला आणि हळूच एकेक अक्षर दाबलं. जे-व-लं-स-मां.

बोर्ड जागच्या जागी थांबला.

प्रांजल हसून हसून टेबलावर आडवा झाला. "कुणाच्या बापाचं ऐकणार नाही म्हणे!"

"बापाचं कुठे ऐकतोय?" नितेश पुटपुटला.

"अरे, बोल मां! जेवलंस की नाय?" फोनमधून आवाज चढला.

"नाही गं, अजून नाही. बोर्डाचं काम..."

"आधी जेव! बोर्ड खंय पळान जाता?"

बोर्ड खरंच कुठे जात नव्हता. नितेशने कीबोर्ड बाजूला सारला आणि मुकाट्याने जेवणाचा डबा उघडला.